साडेचार फूट समुद्र

रविवार, १२ जानेवारी १९७५. रक्कम रुपये तीनशे. हजर : गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष आप्पा, शाळेतले गुरुजी, दौंडचा पेंटर, त्याची बायको आणि वही घेऊन मी. जागा सोसायटीचं खताचं गोडाऊन. खत अजून यायचं होतं म्हणून ते रिकामं होतं.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, वय अडतीस, घरात बायको आणि दोन मुली. गावात कुठलंही मंडळ निघालं की त्याचा हिशेब माझ्याकडे यायचा. चैत्रातल्या यात्रेला आमच्याकडे दरवर्षी नाटक होई आणि त्याचे पडदे पुण्याहून भाड्याने येत. पुण्याचा पडदेवाला देईल ते घ्यायचं. मागच्या वर्षी गुरुजींच्या नाटकातला गिरणी कामगार राजवाड्याच्या पडद्यापुढे बसून भाकरी खात होता. लोकांनी वर्षभर त्यावरून गुरुजींना सतावलं होतं.

यंदाचंही नाटक मुंबईचंच होतं. मी आकडे मांडून दाखवले. भाडं आणि आणणं-नेणं मिळून दरसाल दोनशे दहा. स्वतःचे दोन पडदे करायचे तर एक पडदा अठरा फूट रुंद, बारा फूट उंच. तीन फूट पन्ह्याचं मांजरपाट कापड, सहा पट्ट्या जोडून बावीस मीटर. दोन पडद्यांना चव्वेचाळीस मीटर, तीन रुपये भावाने एकशे बत्तीस. मजुरी तीनशे. एकूण चारशे बत्तीस. दोन वर्षांच्या भाड्यात बारा रुपये टाकले की पडदे आपले.

आप्पांना हिशेब पटला. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर.

"तीनशेत करतो," पेंटर म्हणाला. "रंग माझा, सरस माझा. फकस्त उजव्या कोपऱ्यात खाली माझं नाव राहील."

"नाव? पडद्यावर?" आप्पा म्हणाले.

"पुण्याच्या पडद्यांवर अस्तंय, आप्पा. कुणी काढला ते लिहिल्यालं अस्तंय."

"ते पुण्याचं झालं. हितं मंडळाचं नाव येईल. तुझं तू ट्रकवर टाक की."

पेंटरची बायको दाराशी गाठोडं घेऊन बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "ट्रकवर मालकाचं नाव अस्तं, आप्पा. ह्यांनी दौंडात निम्म्या दुकानांच्या पाट्या काढल्या. वाण्याचं नाव हाय, डॉक्टरचं हाय, सायकलवाल्याचं हाय. ह्यांचं एकाबी पाटीवर न्हाई."

पेंटर दौंडच्या बौद्ध वस्तीत राहायचा. जयंतीच्या मिरवणुकीचं मोठं चित्र दरवर्षी तोच काढायचा, पण त्यावर त्याने कधी नाव घातलं नव्हतं. ते चित्र सगळ्यांचं असतं, असं तो म्हणायचा. पाटी ही पाटी असते. पडदा म्हणजे त्याला पहिल्यांदाच मिळालेलं असं काम, की ज्याच्याखाली आपलं नाव घालावंसं वाटावं. आप्पांच्या नाही म्हणण्यामागे आणखी काय होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण मला ते कळत होतं आणि पेंटरलाही कळत होतं.

गुरुजींनी तोड काढली. यात्रेला गावची मुंबईत राहणारी माणसं येतात. त्यांनी पडदे बघून ही मुंबईच आहे असं म्हटलं, तर नाव घालायचं.

"आन् न्हाई म्हटलं तर पन्नास कापायचे," आप्पा म्हणाले.

"कापा," पेंटर म्हणाला.

मी तसं वहीत लिहिलं आणि शंभर रुपये उचल दिली.

नमुन्याला आप्पांच्या पुतण्याने मुंबईहून आणलेली दोन रंगीत कार्डं होती. एकावर बोरीबंदर, दुसऱ्यावर गेटवे. कार्ड सहा इंच बाय चार. पेंटरने ते पट्टीने मोजलं आणि खूश झाला. पडदा अठरा बाय बारा, म्हणजे इंचाला बरोबर तीन फूट. त्याने कार्डावर शिसपेन्सिलीने अर्ध्या इंचाच्या चौकटी पाडल्या. कापडावर दीड दीड फुटाच्या पाडायच्या, त्यासाठी गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. फट् आवाज होऊन तांबडी सरळ रेघ उठायची. एक टोक त्याच्या बायकोकडे असायचं. कार्डावरच्या चौकटीत जे दिसेल तेच कापडावरच्या चौकटीत काढायचं. मला ही पद्धत मनापासून आवडली. एका पडद्याला शहाण्णव चौकटी. संध्याकाळी मी गोडाऊनला कुलूप लावताना आज किती भरल्या ते मोजायचो.

रंग कालवायचं काम बायकोचं. सरस चुलीवर पातळ करून भुकटीचा रंग त्यात कालवायचा. सरस जास्त झाला तर कापड घडीवर तडकतं, कमी झाला तर रंग हाताला लागतो. ती बोटावर बोट चिकटवून बघायची आणि सांगायची. पेंटर विचारल्याशिवाय ब्रश बुडवत नसे.

बोरीबंदरचा पडदा नऊ दिवसांत झाला. इमारत कार्डाबरहुकूम. दुमजली तांबडी बस बघायला गावातली शाळा सुटली की सगळी पोरं येत. माणसं मात्र कार्डावर मुंगीएवढी होती, छत्तीस पटीच्या हिशेबातही ती नीट दिसेनात. ती पेंटरने मनानेच काढली. मनाने म्हणजे दौंड स्टेशनातली. गळ्यात टोपली अडकवून चणे विकणारा, डोक्यावर दोन ट्रंका घेतलेला हमाल, कडेवर पोर घेऊन कुणाची तरी वाट बघत उभी असलेली बाई, उकिडवा बसून बिडी ओढणारा म्हातारा. ही माणसं तो रोज बघत होता, त्यांना कार्डाची गरज नव्हती.

घोटाळा झाला तो गेटवेच्या कार्डात. पुतण्याने ते ट्रंकेच्या झाकणाला चिकटवलं होतं, काढताना उजव्या बाजूचा दीड इंच पापुद्रा सोलून गेला होता. कमान होती, फरसबंदी होती, कबुतरं होती. समुद्र नेमका त्या दीड इंचात होता. म्हणजे कापडावर साडेचार फूट.

पेंटरने समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता. गुरुजी मुंबईला दोनदा गेले होते, पण दोन्ही वेळा कचेरीच्या कामाला. समुद्र राहून गेला होता. आप्पाही कधी गेले नव्हते, पण त्यांना त्याची अडचण वाटली नाही.

"समुद्र म्हंजी काय रं? मोठी भीमाच," ते पोत्यावर बसून म्हणाले. "पूर आलेली धर."

"पलीकडं काय काढू?" पेंटरने विचारलं.

"पलीकडं काठ. काठ न्हाई तर पाणी हाय हे कळायचं कसं? लोक म्हणतील आभाळच खाली आलंय."

"काठावर?"

"बाभळी काढ. काठाला बाभळी नसतील तर काय नारळ असणार हायेत?"

"आन् पाणी वाहतंय कुणीकडं?"

"पूर्वेला. पाणी दुसरीकडं जातंय व्हय?"

आमच्या सबंध मुलखात पाणी पूर्वेलाच जातं. ओढा भीमेला, भीमा पूर्वेला. त्या उत्तरात काही चूक असेल असं गोडाऊनमधल्या एकालाही वाटलं नाही, मलाही नाही. उलट मी पुढचा हिशेब करून दिला. पडदा देवळाच्या पटांगणात लागणार, बघणाऱ्यांची तोंडं दक्षिणेला, म्हणजे पूर्व त्यांच्या डाव्या हाताला. सबब पाणी उजवीकडून डावीकडे.

पेंटरच्या बायकोला ते पसंत नव्हतं. "जे बघितलं न्हाई ते कशाला काढताय?" ती म्हणाली. "त्यापरीस तिथं एक मोठा माणूस उभा करा पाठमोरा. झाकून जाईल."

"साडेचार फूट रुंद माणूस व्हय?" पेंटर म्हणाला.

"आप्पांना उभं करा."

आप्पाही हसले. पण पेंटर दोन दिवस नदीवर जाऊन बसला आणि त्याने भीमा काढली. फार सुरेख काढली. डावीकडे वाहणारं निळं पाणी, त्यात प्रवाहाला लागून कललेली होडी, पलीकडे काठ आणि अकरा बाभळी.

माझं मन काही स्वस्थ नव्हतं. मी माझ्या मेहुण्याला पत्र टाकलं. तो मुंबईला गोदीत होता. प्रश्न आकडे घालून विचारले. एक, समुद्राला पलीकडचा काठ आहे काय? दोन, पाणी कोणत्या दिशेस वाहते? तीन, रंग कोणता? उत्तर आलं ते पडदा वाळून गुंडाळल्यावर. त्याने लिहिलं होतं : काठ आहेही आणि नाहीही. पाणी सहा तास आत येते, सहा तास बाहेर जाते. रंग सांगणे कठीण.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं.

"सहा तास हिकडं आन् सहा तास तिकडं? पाणी हाय का झोपाळा?" आप्पा म्हणाले. "तुमचा मेहुणा पीत तर न्हाई ना, सेक्रेटरी?"

यात्रेच्या दिवशी दुपारी दोन्ही पडदे पटांगणात बांबूला टांगले. मुंबईची माणसं जमली, मोठी अशी सतरा. त्यांच्यात पुढे होत्या आत्या. आप्पांची थोरली बहीण, लग्न होऊन तीस वर्षं मुंबईत. गावात आप्पांना उलटं बोलणारं तेवढंच माणूस होतं. पेंटर बांबूला हात लावून उभा होता. त्याने नवा सदरा घातला होता. त्याची बायको देवळाच्या पायरीपासून चार पावलं अलीकडे उभी होती.

आधी बोरीबंदर सोडलं. माणसं एकदम बोलायला लागली.

"आरं, हा चणेवाला तर आमच्या नाक्यावरचा हाय."

"तुमच्या कुठनं? आमच्या गेटावर अस्तो तो. टोपली बघ की."

"ही बाई बघ, हिचा नवरा अजून आल्याला न्हाई."

पेंटरचा बांबूवरचा हात सुटला. मग गेटवे सोडला. मागून एकजण म्हणाला, "ही तर आपली भीमा हाय." आणि सतराच्या सतरा माणसं हसली.

आत्या पुढे गेल्या, डोळ्यांवर हात धरून बघितलं. "बाभळी? गेटवेला शेळ्या चारायला जायाचं का काय?"

"माझी चूक झाली," पेंटर म्हणाला. आप्पांचं नाव त्याने घेतलं नाही. आप्पा देवळाच्या कळसाकडे बघत होते.

मला ते बघवेना. मी वही उघडली आणि म्हणालो, "आत्या, काठ आप्पांनी सांगितला आणि दिशा मी काढून दिली. पेंटरने विचारलं होतं. इथे लिहिलेलं आहे."

"तू कवा समुद्र बघितलास रं?" आत्यांनी भावाला विचारलं.

"त्यात बघायचं काय? पाणीच न्हवं का."

"मग दिल्लीचाबी नकाशा सांग की. तीबी बघितली न्हाईस."

लोक पुन्हा हसले. गुरुजी म्हणाले, एक पडदा पास, एक नापास. तर पासावर नाव घालावं. आप्पाही नाइलाजाने हो म्हणाले. पण पेंटरने मान हलवली.

"न्हाई गुरुजी. घालीन तर दोन्हीवर घालीन. मी समुद्र बघून येतो. मग पुन्हा बघा, आन् मग सांगा."

त्या रात्रीचं नाटक त्याच समुद्रापुढे झालं. राहूहून आणि वडगाव रासाईहून आलेल्या पाहुण्यांनी समुद्राची फार तारीफ केली.

एप्रिल संपता संपता आम्ही मुंबईला गेलो. आम्ही म्हणजे पेंटर, मी आणि त्याची बायको. ती ऐनवेळी दौंड स्टेशनवर येऊन उभी राहिली. "रंग मी कालवते," ती म्हणाली. "ह्यांनी येऊन सांगायचं निळा, आन् मी कोणता निळा काढू?" तिकिटं मी माझ्या खिशातून काढली, तो आकडा मंडळाच्या वहीत नाही म्हणून इथेही देत नाही.

गेटवेपाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. कमान कार्डासारखीच होती. कमानीच्या पलीकडे गेलो आणि पुढे सगळं पाणीच होतं. पेंटरने दोन्ही हातांची चौकट करून डोळ्यांपुढे धरली. मग म्हणाला, "हे चौकटीत बसायचं न्हाई."

"साडेचार फुटात बसवायचंय," मी म्हणालो.

"व्हय. तेच म्हणतो."

त्याने शाळेची चित्रकलेची वही काढली आणि कठड्यावर बसला. त्याच्या बायकोने गाठोड्यातून चार पुड्या आणि एक पत्र्याची डबी काढली. निळा, पिवळी माती, काजळी, सफेदा. तळहातावर चिमूट चिमूट घेऊन थेंबभर पाण्यात कालवायची, हात समुद्रापुढे धरायची आणि बघायची. तिच्याभोवती माणसं जमली. एकाने विचारलं, "बाई, ये क्या बेचती हो?" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पाणी निळं नव्हतं. कळकट हिरवं होतं, मधे मधे मळकं तपकिरी, आणि उन्हाची तिरीप आली की त्यावर शिसं ओतल्यासारखं व्हायचं. निळ्याची पुडी तिने बांधून ठेवली ती पुन्हा सोडली नाही.

मी माझं काम केलं. पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत तिथे. दहा वाजता पाण्याच्या वर तीन पायऱ्या उघड्या होत्या. दर अर्ध्या तासाने मी मोजत गेलो. साडेबाराला सहा, दोनला आठ, साडेतीनला दहा. खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या होत्या. मेहुणा शुद्धीत होता. मी वहीत तक्ता केला, आप्पांना दाखवण्यासाठी.

दुपारी ऊन निवळलं तेव्हा पेंटरने मला हाक मारली. "सेक्रेटरी, तिकडं बघा. लांब." पाण्याच्या पार टोकाला धुरकट निळी रेघ होती, मधे जरा उंच, कडांना उतरती. डोंगर होते. तो एक डोळा मिटून आणि अंगठा पुढे धरून ती रेघ मोजत होता. "नखाच्या निम्मी," तो म्हणाला. "काठ हाय की ओ. फकस्त बाभूळ दिसंल इतका जवळ न्हाई."

शेजारी एक चणेवाला गळ्यात टोपली अडकवून उभा होता. पेंटरने त्याच्याकडून दोन आण्यांचे चणे घेतले आणि त्याची टोपली बारकाईने बघितली. दोरीची गाठ उजवीकडे होती. पडद्यावर त्याने डावीकडे काढली होती. ते मात्र त्याने दुरुस्त केलं नाही. दौंडला डावीकडेच असते, म्हणाला.

परत आल्यावर चार दिवस काम चाललं. साडेचार फुटांवर आधी सफेदा फिरवून भीमा बुजवली. मग नव्याने सरस, नव्याने रंग. होडी सरळ केली, पायऱ्या काढल्या, खालच्या पायऱ्यांना शेवाळ. पाण्याला कुठलीच दिशा ठेवली नाही, नुसती हालचाल ठेवली. शेवटी नखाच्या निम्मी डोंगराची रेघ.

४ मे, रविवार. हजर पुन्हा आम्ही पाच, आणि उन्हाळ्यासाठी गावातच राहिलेल्या आत्या. पडदा गोडाऊनच्या भिंतीवर सोडला. आत्यांनी इतका वेळ घेतला की पेंटर ब्रश पुसून पुन्हा पुसू लागला.

"पाणी घाण काढलंय," आत्या म्हणाल्या.

आत्या आणखी जवळ गेल्या.

"हेच हाय. अस्संच हाय. मी रोज बघते."

आप्पा पुढे झाले. त्यांनी डोंगराच्या रेघेवर काठीचं टोक नेलं, टेकवलं नाही. "हा काय हाय?"

"पलीकडचा काठ," पेंटर म्हणाला.

आप्पा बहिणीकडे वळले. "बघ. काठ हाय का न्हाई? मी काय येगळं सांगत हुतो?"

"तू बाभळी सांगत हुतास."

"बाभळीचं सोड. काठ हाय ना?" आप्पांचा चेहरा उजळला होता. पायऱ्यांचा तक्ता मी दाखवला नाही. गरज उरली नव्हती. ते पोत्यावर बसले आणि पेंटरला म्हणाले, "घाल नाव. दोन्हीवर घाल. अक्षर सरळ येऊ दे."

पेंटरने आमच्या देखत नाव घातलं. पाट्यांवर तो सावली देऊन फुगीर अक्षर काढायचा. हे साधं काढलं, काळ्यात, चार इंच उंच. त्याची बायको जवळ जाऊन वाचून आली.

पन्नास कापायचा प्रश्न राहिला नाही. मी आणखी एक मुद्दा काढला. दुसऱ्या वेळचा सरस, रंग आणि त्या बाईचे चार दिवस हे करारात नव्हते. ते आमच्या सांगण्यामुळे लागले होते. आप्पा म्हणाले, मंडळाच्या पैशातून निघणार नाही. मी म्हणालो, मंडळाने सांगितलंच नव्हतं. काठ तुम्ही सांगितला, दिशा मी. आप्पांनी बंडीत हात घातला.

अदा केले : पेंटरास, ठरल्या रकमेपैकी बाकी, मंडळाच्या खात्यातून रोख रुपये दोनशे. सरस आणि रंगाचे दुसऱ्या वेळचे सात रुपये, पेंटरासच. साडेतीन आप्पांचे, साडेतीन माझे. रंग कालवण्याचे चार दिवस, रोज तीन रुपये, एकूण बारा. सहा आप्पांचे, सहा माझे. हे बारा त्याच्या बायकोच्या हातात दिले आणि वहीत तिच्या नावावर लिहिले.